गोरज मुहूर्ताचे लग्न : फोटोग्राफर कसा निवडावा आणि त्याच्याबरोबर काम कसे करावे?

प्रश्न : थोरली बहीण, जुळे सोलापूर

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न येत्या मार्गशीर्षात होटगी रस्त्यावरील एका लॉनमध्ये गोरज मुहूर्तावर ठरले आहे. वडील हयात नाहीत आणि आईला या व्यवहारांची सवय नाही, त्यामुळे लॉन, मंडप, आचारी आणि फोटोग्राफर या सर्वांशी बोलणी करणे माझ्याकडे आले आहे. लॉन आणि आचारी ठरवताना मला अडचण आली नाही, कारण जागा डोळ्यांनी पाहता येते आणि पदार्थ चाखता येतो. फोटोग्राफरकडून जे घ्यायचे ते मात्र लग्न होऊन गेल्यावरच हाती येणार असल्याने नेमके काय पाहून निर्णय घ्यावा, हे मला समजेनासे झाले आहे.

आतापर्यंत चौघांना भेटले. एका जुन्या स्टुडिओने ७० हजार रुपये सांगितले. त्यात एक फोटोवाला, एक व्हिडिओवाला आणि ३० शीटचा अल्बम आहे. तरुण मुलांच्या एका गटाने १ लाख ६० हजार रुपये सांगितले. त्यात कँडिड फोटो, ड्रोन, हळदीचे रील आणि प्रीवेडिंग आहे. उरलेले दोघे या दोन रकमांच्या मध्ये कुठेतरी आहेत. मोबाइलवर दाखवलेले फोटो चौघांचेही मला सुंदरच वाटले. सगळेच निम्मी रक्कम आधी मागत आहेत आणि तारीख हातची जाईल असेही सांगत आहेत. आमची ऐपत साधारण १ लाखाची आहे.

वडिलांच्या मागे आम्हा दोघींचे सगळे मोहोळच्या मामांनी केले. लग्नात ते कामातच असतील, फोटोसाठी स्वतःहून कधीच पुढे येणार नाहीत, आणि नेमके तेच अल्बममधून राहून जातील अशी भीती मला वाटते. ज्यांनी नुकतीच घरची लग्ने केली आहेत किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : वधूची आई, विजापूर रस्ता

ताई, तुमच्या बहिणीला अनेक आशीर्वाद. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या लग्नात आमच्याकडून जी चूक झाली ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांचे काम पाहून आम्ही विसार दिला, ते गृहस्थ लग्नाच्या दिवशी आलेच नाहीत. त्याच तिथीचे दुसरे लग्नही त्यांनी घेतलेले होते आणि आमच्याकडे त्यांनी दोन मुले पाठवली, ज्यांना आमच्यापैकी कोणीही पूर्वी पाहिलेले नव्हते. मुले वागायला चांगली होती, दिवसभर राबतही होती. पण घरात कोण कोणाचे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ते सांगायला एखादे माणूस नेमावे, हे आम्हालाही सुचले नाही. माझ्या सासूबाई, वय ८६, बार्शीहून खास गाडी करून आल्या होत्या. चाकांच्या खुर्चीत पहिल्या रांगेत बसून त्यांनी नातीवर अक्षता टाकल्या, पदराने डोळे पुसले आणि पंगत बसण्याआधीच थकून खोलीत गेल्या. पुढे निवडीसाठी २,३०० फोटो आले तेव्हा मी आणि मुलगी दोन रात्री बसून त्यांच्यात सासूबाईंना शोधत होतो. मेंदीच्या हातांचे फोटो कितीतरी होते, रुखवतातल्या प्रत्येक ताटाचे होते, आणि सासूबाई फक्त एकात सापडल्या, त्याही कॅमेऱ्याच्या क्रेनच्या खांबाआड, अर्धा चेहरा आणि अक्षता धरलेली मूठ एवढ्याच. आठ महिन्यांनी त्या गेल्या. आज भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे तो माझ्या भाच्याच्या मोबाइलमधल्या फोटोतून कापून मोठा केलेला आहे, आणि जवळ गेले की त्यांचे डोळे पुसट, ठिपक्याठिपक्यांचे दिसतात.

म्हणून पैशांचे बोलण्याआधी एकच विचारा की अंतरपाटाजवळ कॅमेरा घेऊन प्रत्यक्ष कोण उभे राहणार आहे. त्या माणसाला घरी चहाला बोलवा, त्याने स्वतः काढलेले फोटो पाहा आणि त्याचे नाव पावतीवर लिहून घ्या. नाव लिहून द्यायला जो टाळाटाळ करील, त्याचा अल्बम कितीही देखणा असला तरी मी त्याला काम देणार नाही.

उत्तर : निवृत्त छायाचित्रकार, सात रस्ता

मी सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत २८ वर्षे लग्नांचे फोटो काढले. आता काम घेत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. वरच्या ताईंचे अनुभवाचे बोल शंभर टक्के खरे आहेत. एका तिथीला तीन-तीन लग्ने घेऊन बाहेरची मुले रोजावर पाठवणे ही पद्धत आमच्या व्यवसायात आहे, आणि मार्गशीर्षात ती जास्तच चालते, कारण पुढे धनुर्मास लागला की मुहूर्त थांबतात आणि जो तो त्याआधी कार्य उरकायला पाहतो.

मोबाइलवर दाखवलेल्या ४० निवडक फोटोंवरून काहीही कळत नाही, कारण वर्षभरातील ४० चांगले फोटो कोणाकडेही असतात. एकाच लग्नाचे, सकाळपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो मागा आणि तेही संध्याकाळच्या मुहूर्ताच्या लग्नाचे. त्यात तीन गोष्टी बघा. पहिली, घोळक्याच्या फोटोत मागच्या रांगेतले चेहरे स्पष्ट आहेत का. दुसरी, सावळ्या माणसांचा वर्ण जसा आहे तसा ठेवला आहे का, कारण सगळ्यांना सरसकट गोरे करून टाकण्याची खोड अनेकांना असते आणि त्यात माणसाचा चेहराच त्याचा राहत नाही. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची म्हणजे, नवरा-नवरीखेरीज इतर माणसे किती दिसतात. अल्बमभर दोनच चेहरे असतील तर त्या फोटोग्राफरला घरातले लग्न दिसत नाही.

आता तुमच्या मुहूर्ताविषयी. मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य सहाच्या आधीच मावळतो आणि त्यानंतर २०-२५ मिनिटांत उजेड पूर्ण जातो. गोरज मुहूर्ताचा हा उजेड फार सुंदर असतो, पण तो थांबत नाही. वरात अर्धा तास उशिरा आली की सगळे गणित दिव्यांवर जाते. म्हणून नवरीला तयार करून सोडायला ब्यूटीशियनला सव्वाचारची वेळ द्या, साडेचारची नव्हे, आणि नवरीचे एकटीचे, आईबरोबरचे, तुमच्याबरोबरचे आणि मामांबरोबरचे फोटो पाचपर्यंत लॉनच्या पश्चिम बाजूला उरकून घ्या. अक्षतांआधी वधूवरांनी एकमेकांना पाहू नये असे तुमच्याकडे पाळत असतील, तर दोघांचे एकत्र फोटो सूर्यप्रकाशात मिळणार नाहीत हे आधीच धरून चाला; ते साखरपुड्याच्या दिवशी काढून ठेवावेत. साखरपुडा झाला असेल तर सकाळच्या हळदीला निदान दोन्ही घरचे फोटो नीट काढून घ्या. घरच्या अंगणातल्या हळदीइतका चांगला उजेड आणि इतकी मोकळी माणसे दिवसभरात पुन्हा मिळत नाहीत.

मंडपवाल्याशी एक गोष्ट अवश्य बोला. स्टेजच्या छताला लाल किंवा जांभळे कापड असेल तर त्याचा रंग खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कपाळावर आणि गालांवर उतरतो आणि तो नंतर कॉम्प्युटरवर पुरता निघत नाही. बाहेरून कोणताही रंग ठेवा, पण स्टेजच्या वर आतून पांढरे कापड मागा. तसेच रंगीत दिवे आणि धूर सोडणारे यंत्र मंगलाष्टके सुरू झाल्यापासून सप्तपदी संपेपर्यंत बंद ठेवायला सांगा. हे फोटोग्राफरने त्या दिवशी सांगून होत नाही. दिवेवाल्याचे पैसे जो देतो, त्यानेच आधी सांगावे लागते.

अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. शेवटचे ‘शुभमंगल सावधान’ म्हटले की भटजी कापड उत्तरेकडे ओढतात, वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा शेवटचा वर्षाव होतो, मागून मामा नवरीचा खांदा धरून तिला थोडे पुढे करतात आणि ती वर पाहते. हे सगळे एका फोटोत यायचे असेल तर फोटोग्राफरला अंतरपाटाच्या टोकाशी, बाजूने, गुडघ्यावर बसायला तीन फूट मोकळी जागा लागते. प्रत्यक्षात त्या जागी व्हिडिओवाला दिवा घेऊन उभा असतो आणि त्याच्या मागे मोबाइल वर धरलेली १५ मंडळी असतात. व्हिडिओवाला आणि फोटोवाला एकाच गटाचे असतील तर ते जागा आपसात वाटून घेतात. वेगवेगळे असतील तर त्या दोघांची आदल्या दिवशी गाठ घालून द्या. आणि भटजींनाच विनंती करा की मंगलाष्टकांआधी त्यांनी पाहुण्यांना स्टेजच्या खाली थांबायला सांगावे. फोटोग्राफरने सांगितले तर राग येतो, भटजींनी सांगितले तर लोक ऐकतात. मामांचा तुम्हाला हवा असलेला फोटोही याच क्षणी आहे, म्हणून तुमच्या माणसाला स्पष्ट सांगा की एक कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर आणि दुसरा मामांच्या चेहऱ्यावर हवा.

यासाठी फोटो काढणारे दोन हवेत. तुमच्या १ लाखात ते बसवायचे असेल तर ड्रोन आणि प्रीवेडिंग सोडा. प्रीवेडिंगचा आग्रह बहिणीचाच असेल तर गोष्ट वेगळी. ड्रोनबद्दल मात्र आणखी एक अडचण आहे. तुमचे लॉन होटगी रस्त्यावर, म्हणजे विमानतळाच्या अंगाला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या जवळच्या भागात आधी परवानगी घेतल्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ड्रोन लहान असला तरी या बाबतीत सूट नाही. २०२५ पासून सोलापुरातून प्रवासी विमाने जाऊ-येऊ लागली आहेत. परवानगीचा कागद जो दाखवील त्याच्याशीच ड्रोनचे बोला, नाहीतर ती रक्कम दुसऱ्या फोटोग्राफरला द्या.

राहिला फोटोंचा साठा. कॅमेऱ्यात दोन कार्डे एकाच वेळी भरली जातात का, हे विचारा. एक कार्ड बिघडले तर दुसरे वाचवते. नेहमीच्या ४के व्हिडिओला तासाला साधारण ४५ जीबी जागा लागते, म्हणजे दोन कॅमेरे पाच तास चालले तर ४५० जीबी. एवढा मोठा साठा लग्नानंतर महिनोन्‌महिने जपून ठेवणे फोटोग्राफरला परवडत नाही आणि पुढच्या हंगामात तो पुसला जातो. तेव्हा १ टीबीची हार्ड डिस्क तुम्हीच विकत घ्या, लग्नानंतर आठ दिवसांत मूळ फोटो आणि व्हिडिओ तीत भरून घ्या आणि तिची एक प्रत दुसऱ्या घरी, मामांकडे ठेवा. अल्बमला उशीर झाला तरी चालतो. मूळ फोटो एकदा पुसले गेले की कितीही पैसे दिले तरी परत मिळत नाहीत.

उत्तर : वकील, सोलापूर

वरच्या दोन्ही उत्तरांना थोडी कायद्याची जोड देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतले असतील आणि उलट करार झालेला नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक मोबदला देणारा असतो. पण अनेक पावत्यांच्या मागे बारीक अक्षरांत हा हक्क स्टुडिओकडे राहील असे छापलेले असते आणि त्यावर आपण सही करतो, म्हणजेच तो उलट करार आपण स्वतः करून देतो. सही करण्याआधी मागची बाजू वाचा. बहिणीचे फोटो स्टुडिओच्या जाहिरातीसाठी किंवा समाजमाध्यमांवर वापरायचे असतील तर दर वेळी तिची लेखी संमती घ्यावी लागेल, हे वाक्य हाताने लिहून घेतले तरी चालते.

निम्मी रक्कम आधी देऊ नका. तारीख राखून ठेवण्यासाठी थोडी, लग्नाच्या दिवशी काही, मूळ फोटो हाती आल्यावर काही आणि अल्बम आल्यावर उरलेली, अशी विभागणी केली तर दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत बंधन राहते. प्रत्येक वेळी रक्कम बँकेतून द्या. १८ टक्के जीएसटी वेगळा मागत असतील तर नोंदणी क्रमांकासह बिल मागा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी घेतलेली नसेल, तर त्याला जीएसटी घेता येत नाही. वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क नाही.

विवाह नोंदणीच्या अर्जाबरोबर लग्नविधीचा फोटो लागतो. अल्बमची वाट पाहत बसू नका, तेवढा एक फोटो चार दिवसांत मागून घ्या.

उत्तर : वराची बहीण, पूर्व भाग

आमचे पद्मशाली कुटुंब आहे आणि भावाचे लग्न गेल्या वैशाखात झाले. ताईंच्या घरचे विधी वेगळे असतील, तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्यात मुहूर्ताच्या क्षणी वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जीलकर्र-बेल्लम, म्हणजे जिरे आणि गूळ एकत्र कुटून विड्याच्या पानावर ठेवलेला गोळा, धरतात, मंगळसूत्र त्यानंतर. आमचा फोटोग्राफर कामात चांगला होता, पण त्याने बहुतेक मराठी लग्नेच केलेली होती आणि मंगळसूत्र हाच मुख्य क्षण, या समजुतीने तो त्या वेळी बॅटरी बदलत होता. माझ्या आत्याने त्याला हाक मारून बोलावले म्हणून शेवटचे दोन फोटो तरी मिळाले.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की भटजींकडून विधींचा क्रम एका कागदावर लिहून घ्यावा आणि तो फोटोग्राफरला चार दिवस आधी वाचून दाखवावा. वराकडची मंडळी दुसऱ्या गावची किंवा दुसऱ्या चालीरीतींची असतील, तर त्यांचाही कागद मागा. सीमांतपूजन, सूनमुख, झाल हे विधी आपल्याला माहीत असतात म्हणून फोटोग्राफरलाही माहीत असतील असे धरू नये.

आणि फोटोग्राफर मंडळींच्या जेवणाकडे लक्ष द्या. आमच्याकडे ते सकाळी सहापासून उभे होते आणि चार वाजता शेवटच्या पंगतीला बसायला गेले तेव्हा भात संपला होता. पाठवणीला त्यांच्या हातात बळ कुठून राहणार? त्यांची पाने नातेवाइकांच्या पंगतीत वेळेवर मांडली, तर ते त्यांच्यासाठीही योग्य आहे आणि आपल्यासाठीही.

प्रश्नकर्ती, पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. विजापूर रस्त्याच्या काकू, तुमच्या सासूबाईंविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

काल पुन्हा दोघांना भेटले. तरुण मुलांच्या गटाने लग्नाला कोण येणार हे ऐनवेळी ठरेल असे सांगितले, म्हणून तेथेच थांबले. मधल्या दरांपैकी एक जण, जे स्वतः कॅमेरा घेऊन येणार आहेत, त्यांनी एका संध्याकाळच्या लग्नाचे सगळे १,८०० फोटो न निवडता माझ्यासमोर उघडले. त्यात स्वयंपाकघरात पाने पुसणाऱ्या बायकांचे आणि बुटांजवळ झोपलेल्या एका लहान मुलाचेही फोटो होते. ते ड्रोन काढून दुसरा फोटोग्राफर द्यायला तयार आहेत, रक्कम ९५ हजार, विसार १५ हजार, आणि स्वतःचे नाव पावतीवर लिहून देणार आहेत. मागची बाजू कोरी आहे.

काका, एक शंका उरली आहे. घोळक्याच्या फोटोंची यादी केली तर ३४ गट होत आहेत. एवढे गट जेवणाआधी होतील का?

निवृत्त छायाचित्रकार, सात रस्ता

होणार नाहीत, ताई. माणसे गोळा करून, उभी करून, दोन-तीन फोटो घ्यायला एका गटाला दोन मिनिटे तरी लागतात, म्हणजे ३४ गटांना सव्वा तासाच्या आसपास, आणि तेवढा वेळ नवरीने स्टेजवर उभे राहायचे. जवळच्या १२ गटांची यादी ठेवा, ज्यांत वयस्कर माणसे आहेत ते आधी घ्या, म्हणजे त्यांना लवकर बसता येईल. उरलेले गट आहेर द्यायला स्टेजवर येतीलच, तेव्हा होतील. यादी फोटोग्राफरच्या हातात देऊ नका. दोन्हीकडचा गोतावळा ओळखणारा, आवाज मोठा असलेला एखादा चुलतभाऊ नेमा. त्याने नावे पुकारायची आणि पुढचा गट पायऱ्यांशी तयार ठेवायचा.

मामांना यादीवर अवलंबून ठेवू नका. तुमच्या फोटोग्राफरला आदल्या दिवशी मोहोळला नाहीतर निदान देवक बसवताना घरी बोलवा आणि मामांशी ओळख करून द्या. एकदा चेहरा ओळखीचा झाला की मामा पाण्याचे टँकर मोजत असले किंवा आचाऱ्याशी बोलत असले तरी तो त्यांना शोधून काढील, आणि त्यांना कळूही न देता फोटो घेईल.